नोंदणीचं नाव

दौलत धुरी आयुष्यात कुठल्याही संस्थेचा सेक्रेटरी नव्हता, तरी चिंचपोकळीपासून करी रोडपर्यंत सगळे त्याला सेक्रेटरीच म्हणत. याला कारण त्याचं अक्षर. घड्याळ गिरणीच्या साळखात्यात त्याने एकोणीस वर्षं माग चालवले, पण लोकांच्या लक्षात राहिले ते त्याने लिहिलेले अर्ज. रजेचा अर्ज, रेशनकार्डाचा अर्ज, नळाला पाणी येत नाही म्हणून म्युनिसिपालटीला अर्ज. 'महोदय' हा शब्द लिहिताना तो पाठ अशी ताठ करी की महोदय समोरच उभे आहेत असं वाटावं. साहेबाला शिवी द्यायची असली तरी ती 'सबब विनंती की' अशी सुरू होई.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला तेव्हा त्याने बायकोला, शेवंतीला सांगितलं होतं, "आठ दिवसांत मिटतलो." त्या आठ दिवसांबद्दल शेवंती त्याला अजून विचारते, विशेषतः तो काही ठामपणे बोलायला लागला की. संप मिटला नाही, गिरणीच मिटली. दौलत गिरगावात एका छापखान्यात लागला आणि लग्नपत्रिकांचे खिळे जुळवू लागला. पुढे छापखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा तरुण जुळारी नोकरी सोडून गेले आणि पन्नाशीतला दौलत मात्र चष्मा पुसून त्या डब्यासमोर बसला. दोन महिन्यांत तो मराठी असा बडवू लागला की मागाचा आवाज आठवावा.

छापखानाही बंद पडल्यावर त्याच्या मुलीने, कालिंदीने, त्याला घरीच एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. कालिंदी नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून आपल्या मुलीला घेऊन आईबापाकडेच राहत होती. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं, एक कपाट, एक देव्हारा आणि आता हा कॉम्प्युटर. शेवंतीने तांदळाचा डबा हलवून त्याला जागा करून दिली, आणि त्या दिवसापासून दौलतच्या घरी कोणी आलं की आधी तांदळाचा डबा कुठे गेला ते ऐकावं लागे.

या कॉम्प्युटरवर दौलतने आपल्या जन्माचं काम केलं. गिरणी कामगारांना घरं मिळणार अशी बोलवा उठली, अर्ज निघाले, आणि घड्याळ गिरणीची हजेरीबुकं कुठल्याशा गोदामात भिजून लगदा झाल्याचं कळलं. तेव्हा दौलतने स्वतः यादी करायला घेतली. चाळीचाळींतून हिंडून, गावागावांत पत्रं टाकून त्याने सहाशे बारा माणसं गोळा केली. तिकीट नंबर, खातं, गाव, शेजारी काम करणारे तीन सोबती, आणि एक रकाना खास त्याच्या डोक्यातून निघालेला: 'प्रत्यक्ष कामावर कोण'.

गिरणगावाबाहेरच्या माणसाला हा रकाना कळायचा नाही. गिरणीत एकदा तिकीट मिळालं की ते घराण्याचं होई. माणूस आजारी पडून गावी गेला तर तिकीट पडू नये, म्हणजे नोकरी हातची जाऊ नये, म्हणून त्याचा भाऊ, चुलतभाऊ, मेव्हणा येऊन त्याच्या नावावर मागाशी उभा राही. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, एक डोळा मिटून घेई. चार दिवसांची बदली कधी वीस वर्षांची होई, मूळ माणूस गावी मरून जाई, आणि इथे त्याचं नाव पगार घेत राही. गिरणी नंबर ओळखायची. त्या नंबरमागे कोण घाम गाळतोय याची तिने कधी चौकशी केली नाही.

सहा वह्यांची यादी कॉम्प्युटरमध्ये शिरली त्या दिवशी दौलतला एवढा आनंद झाला की त्याने सहाही वह्या रद्दीत घातल्या. "आता सगळं आत आहे," तो म्हणाला. शेवंती म्हणाली, "आत आसा ता खरा, पण भायर येतला मा?" तिच्या अडाणीपणाला दौलत त्या दिवशी पोटभर हसला.

आणि मग बरोबर नको त्या आठवड्यात कॉम्प्युटर बसला. निळा पडदा, पांढरी अक्षरं, की परत निळा पडदा. शुक्रवारी कामगारांच्या कचेरीत अडकलेल्या अर्जांचे पुरावे देण्याची शेवटची तारीख होती, आणि अडकलेल्यांत एक अर्ज रखमाचा होता. रखमा पलीकडच्या चाळीत राहणारी, लालबागच्या मसाल्याच्या डंकावर मिरच्या निवडणारी विधवा. तिचा नवरा कुशाबा एकोणीस वर्षं दौलतच्या शेजारच्या मागावर होता, पण तिकीट गावच्या शिवाचं. रखमाचा अर्ज दौलतनेच लिहिला होता. "वहिनी, खरं तेच लिहायचं. खोट्याचे पाय लंगडे," असं वर बजावलंही होतं. खरं लिहिल्यामुळेच तो अर्ज अडकला. आता शेजारच्या सोबत्यांची नावं, पत्ते आणि त्यातल्या एकाची तरी सही आणली नाही तर तो बाद होणार होता. नावं होती यादीत, यादी होती डब्यात, आणि डबा निळा.

बुधवारी जगन कोळ्याला बोलावलं. जगन चाळिशीचा, हसरा, गळ्यात पेनड्राइव्ह बांधून हिंडणारा. त्याची आई गुणवंती बाजारात मासे विकायची. जिच्याकडचा बांगडा तीस वर्षांत कधी नरम निघाला नाही तिचा मुलगा कॉम्प्युटर काय बिघडवणार, असा दौलतचा हिशोब होता. जगनने एक सीडी काढली. त्या एका सीडीवर अर्धं लालबाग चालत होतं.

"काका, टेन्शन नाय. फॉरमॅट नाय मारत. वरच्यावर नवी विंडोज टाकतो, तुमचा माल जिथल्या तिथे."

गुरुवारी दुपारपर्यंत नवी विंडोज बसली. पडद्यावर हिरवं कुरण आलं. जगनने नाव टाकलं 'दौलत', आणि दौलतने ऐटीत आपला जुना फोल्डर उघडायला माऊस दाबला. 'ॲक्सेस इज डिनाइड.'

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे, चल फूट."

"मला? माझ्याच घरात?"

जगन डोकं खाजवत म्हणाला, "तसं नाय काका. जुना दौलत वेगळा, नवा दौलत वेगळा. नाव सेम असलं तरी आतून नंबर असतो. मशीन नाव बघतच नाय, नंबर बघते. जुन्या दौलतने फोल्डरला कुलूप घातलंय. तुम्ही त्याच्यासाठी बदलीवाले."

दौलतने माऊस सोडून दिला. जगनला वाटलं, म्हातारा घाबरला. शेवंती कोपऱ्यात बसून चवळी निवडत होती, तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

उपाय होता. मशीन 'सेफ मोड'मध्ये चालू करायचं आणि त्या फोल्डरचा ताबा घ्यायचा. जगनने एक खिडकी उघडली. तिच्यावर लिहिलं होतं 'ओनर'.

"इथे तुम्हाला मालक व्हायचं. दाबा."

दौलतचा हात आखडला. मालक! गिरणीच्या दारावर ज्या शब्दाच्या नावाने त्याने घसा फोडला होता, तो? "याला दुसरा शब्द नाही का? विश्वस्त वगैरे?"

"काका, विंडोज अमेरिकेतनं येते. तिकडे कॉम्रेड नसतात."

शेवंती चवळीतला खडा टाकत म्हणाली, "व्हा वो एकदा मालक. खोलयेचे नाय तर नाय, डब्याचे तरी."

दौलतने डोळे मिटून बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकत गेली, फोल्डर उघडला, आणि त्यात 'यादी' नावाची फाइल जशीच्या तशी. दौलतने हात जोडले. फाइल उघडली आणि जोडलेले हात तसेच राहिले. सहाशे बारा कामगारांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा रानटी बाजार भरला होता. कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या पायात शेपूट, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच उलटं प्रश्नचिन्ह.

त्याचं कारण जगनला लगेच कळलं. यादी ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केली होती ते नव्या विंडोजबरोबर उडालं होतं. त्या कंपनीची अक्षरं त्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरला कळत, आणि जगनच्या सीड्यांच्या थप्पीत नेमकं तेवढंच नव्हतं. पण दौलतकडे त्याची अस्सल सीडी होती, प्रदर्शनातून विकत घेतलेली, खोक्यासकट. संबंध लालबागेत परवाना घेऊन सॉफ्टवेअर वापरणारा तो बहुधा एकटाच, आणि त्या अभिमानाचे परिणाम आता समोर येत होते.

एवढ्यात कालिंदी ऑफिसातून लवकर सुटून आली. तिने चप्पल काढता काढता खोक्यावरचा नंबर टाकला. खाली दुसरा रकाना आला: नोंदणीचं नाव. तिने 'दौलत धुरी' टाकलं. चूक. पडद्यावर सूचना आली की पाच वेळा चुकलं तर परवाना बंद होईल. कंपनीच्या पुण्याच्या नंबरवर फोन लावला तर तिथली मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "सर, नोंदणी करताना जे नाव दिलंत तेच हवं. आम्ही सांगू शकत नाही. बंद झाला तर नवीन नंबर पोस्टाने आठ दिवसांत मिळेल."

आठ दिवस म्हटल्यावर शेवंती खुदकन हसली.

"बाबा, स्पेलिंग कसं केलं होतं?" कालिंदीने विचारलं.

"असेल काहीतरी. ओ-डब्ल्यू घालून बघ."

चूक. मधलं नाव घालून बघितलं, चूक. आडनाव आधी घालून बघितलं, चूक. चार संधी गेल्या. आणि इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण सेक्रेटरी ती आपणहून सांगणार नव्हता. नोंदणीचं नाव त्याला चांगलं आठवत होतं. पहिल्यापासून आठवत होतं. मुलीला खोटी स्पेलिंगं सांगताना तो फक्त घाम पुसत होता.

ते नाव होतं गणपत राघो धुरी. खरा दौलत हा त्याचा चुलतभाऊ. दौलतला छातीचं दुखणं लागलं आणि तो त्रेसष्ट साली गावी परतला, तेव्हा अठरा वर्षांचा गणपत त्याच्या तिकिटावर उभा राहिला, चार महिन्यांसाठी. खरा दौलत गावीच वारला. तिकिटावरून ते नाव रेशनकार्डावर आलं, रेशनकार्डावरून मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर. प्रदर्शनातला विक्रेता मात्र म्हणाला होता, "काका, परवाना कायमचा आहे. खरं नाव लिहा." चाळीस वर्षांत त्याला खरं नाव कुणी विचारलंच नव्हतं. त्याला एकदम भरून आलं होतं आणि त्याने लिहून टाकलं.

आता ते बोलायचं कसं? इतरांची बदली त्याने रकान्यात मांडली, रखमाला खऱ्याचं महत्त्व शिकवलं, आणि स्वतःचा घराचा अर्ज मात्र दौलत म्हणून गुपचूप भरला. तो एका मिनिटात मंजूर झाला होता. घरांच्या सोडतीत नंबर लागला तर कालिंदीला आणि नातीला पाय पसरून झोपता येणार होतं. तो खरोखर घाबरला होता. घरासाठी तर घाबरला होताच, पण त्याहून जास्त मुलीच्या तोंडाकडे बघून घाबरला होता.

"शेवटचा चान्स आहे," जगन म्हणाला. "नको दाबू ताई. दुसरा काहीतरी जुगाड बघू."

"उद्या रखमाकाकूला काय सांगायचं मग?" कालिंदी म्हणाली.

शेवंतीने सूप बाजूला ठेवलं. "सांगा आता. नायतर मी सांगतंय."

"कालू," दौलत पडद्याकडे बघत म्हणाला, "जी, ए, एन..."

"जी?"

"गणपत लिही बाय. गणपत राघो. माझं नाव आहे ते."

कालिंदीने वळून बापाकडे बघितलं, मग आईकडे. आई पुन्हा चवळीत. मग तिने एकेक अक्षर जपून दाबलं. पडद्यावर 'धन्यवाद' आलं, आणि इंग्रजी रानातून एकेक करून मराठी माणसं उभी राहिली.

"म्हणजे गावाला आत्या तुम्हाला गणपा म्हणते ते लाडाने नाही?"

"नाही."

"छत्तीस वर्षांची झाले मी. बापाचं नाव गणपत, आणि मला आज कळतंय. तेही कॉम्प्युटरने विचारलं म्हणून!" ती हसली, पण डोळे पुसून हसली. जगन कोळी गळ्यातला पेनड्राइव्ह काढून उगाच पुसत बसला.

दौलतने रखमाची ओळ शोधली. तिकीट शिवा, प्रत्यक्ष कामावर कुशाबा. सोबती तीन. पहिला बाबुराव, तो वारला. दुसरा विठोबा पाष्टे, मुक्काम कणकवलीच्या पुढे, उद्यापर्यंत येणं अशक्य. तिसरा, शेजारचा माग: दौलत धुरी. हे नाव त्याने स्वतःच टाइप केलं होतं आणि साफ विसरला होता.

शुक्रवारी सकाळी दौलत, रखमा आणि कालिंदी कचेरीत पोचली. टेबलामागचा कारकून तरुण होता, अजागळ नव्हता, कागद नीट वाचत होता. त्याने यादीचं पान बघितलं, मान हलवली आणि साक्षीदाराचा छापील कागद पुढे केला. "पूर्ण नाव, आणि सही."

दौलतने पेन घेतलं. हजारो कागदांवर चाललेला हात पहिल्याच रकान्यावर अडला. दौलत लिहिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. रेशनकार्ड दौलतचं, तिकीट दौलतचं. पण उद्या कुणी खोदलंच, तर साक्षीदारच खोटा ठरला असता आणि रखमाचं खरं त्याच्या खोट्याखाली गाडलं गेलं असतं. त्याने कालिंदीकडे बघितलं. तिने त्याचा घसरलेला चष्मा वर सारला. मग त्याने लिहिलं: गणपत राघो धुरी, तिकिटावर दौलत.

कारकुनाने ते दोनदा वाचलं. "आजोबा, याने बाईंचं काम होईल. पण या तिकिटावर तुमचाही अर्ज असेल ना? तो मंजूर अर्जांतून काढावा लागेल. चौकशी होईल."

"काढा," दौलत म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"आणि तुम्ही गणपत, हे सांगणारं कोण आहे? घरचं चालत नाही. गिरणीतलं, नाहीतर शेजारपाजारचं पाहिजे."

सेक्रेटरी बोटांवर नावं मोजू लागला. सहाशे बारा जणांचे सोबती त्याने शोधले होते, स्वतःचा एक शोधला नव्हता. बाबुराव गेला, कुशाबा गेला. जॉबर तर केव्हाच गेला.

बाकावरून रखमा उठली. मिरच्यांनी लाल झालेली बोटं पदराला पुसत टेबलाशी आली.

"मी सांगतंय," ती म्हणाली. "माझो घोव घराक इलो काय सांगी, आज गणपतान माझो धागो जोडून दिलो, आज गणपतान माझो डबो खाल्लो. रोज सांगी."

खरं तेच लिहा म्हणून या बाईला आपण काय तोऱ्यात बजावलं होतं ते आठवून दौलतचे कान तापले. "वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं? मग इतकी वर्षं दौलतभावजी, दौलतभावजी..."

"तिकीट पडात म्हणान," रखमा म्हणाली, आणि अंगठा पुढे करून कारकुनाला विचारलं, "शाई खय आसा?"